शास्त्रज्ञ व्हायचं, हे ठरतं कसं?

१. आवड आणि निवड

‘आमच्या मुलीला विज्ञान फार आवडतं, ती शास्त्रज्ञ होईल का?’ विज्ञानाच्या शिक्षकांना पालकांकडून हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. त्यात एक गृहीत दडलेलं असतं. आधी आवड लागते, ती वाढत जाते आणि एके दिवशी तिचंच करिअर बनतं, असं आपण धरून चालतो. शास्त्रज्ञांची चरित्रंही याच क्रमाने लिहिली जातात. पहिल्या प्रकरणात चांदण्यांकडे टक लावून पाहणारा मुलगा भेटतो आणि शेवटच्या प्रकरणात पदक स्वीकारणारा वैज्ञानिक. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत नेमकं काय घडलं, हा खरा औत्सुक्याचा भाग, आणि तोच घाईघाईने उरकला जातो. या प्रकरणात तोच भाग तपासायचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, विज्ञानाची आवड मुळीच दुर्मीळ नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लुईस आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून इंग्लंडमधल्या हजारो मुलांचा वयाच्या दहाव्या वर्षापासून पुढे माग ठेवला. बहुतेक मुलांना विज्ञानाचे तास आवडत होते. शास्त्रज्ञ महत्त्वाचं काम करतात, असंही त्यांना वाटत होतं. पण ‘तुला शास्त्रज्ञ व्हायला आवडेल का?’ या प्रश्नाला होकार देणारी मुलं जेमतेम १५ टक्के निघाली, आणि दहा ते चौदा या वयात हा आकडा फारसा हललाही नाही. म्हणजे आवड आणि निवड यांच्यात मोठं अंतर आहे, आणि ते फार लहान वयापासून दिसतं.

मग शास्त्रज्ञ स्वतः तर लहानपणापासूनच्या ओढीबद्दल सांगतात, त्याचं काय? ते खोटं सांगत नाहीत. आपण फक्त त्यांनाच विचारतो, ही अडचण आहे. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, एका गावात १,००० मुलं आहेत. त्यांतल्या ४०० जणांना विज्ञानाचा नाद आहे, ६०० जणांना नाही. पुढे नाद असलेल्या ४०० पैकी ७ जण आणि उरलेल्या ६०० पैकी ३ जण शास्त्रज्ञ झाले. आता या दहा जणांच्या मुलाखती घेतल्या तर सात जण म्हणतील, ‘मला लहानपणापासून वेड होतं.’ वाचणाऱ्याला वाटेल, वेडानेच शास्त्रज्ञ घडतो. पण तेवढंच वेड असलेले ३९३ जण दुसरीकडे गेले, आणि त्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

यावर जाणकार वाचक आक्षेप घेईल की आवडीने शक्यता वाढते, हे तर याच हिशेबात दिसतं. बरोबर आहे. ४०० मध्ये ७ म्हणजे पावणेदोन टक्के, ६०० मध्ये ३ म्हणजे अर्धा टक्का. फरक साडेतीन पट. खऱ्या जगातही असंच आढळलं आहे. अमेरिकेत रॉबर्ट ताई आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिसाव्या वर्षी आपण विज्ञानाशी संबंधित काम करत असू, असं आठवीत सांगणाऱ्या मुलांनी पुढे जीवशास्त्रासारख्या विषयांत पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या १.९ पट होती. भौतिक विज्ञान आणि अभियांत्रिकीत ती ३.४ पट होती. लवकर वाटलेल्या इच्छेला वजन आहे, यात शंका नाही. तरीही दोन प्रश्न उरतात. आठवीतल्या मुलाला असं वाटायला लागलं कशामुळे? आणि नाद असलेल्या ४०० जणांतून ते सात जणच का पुढे गेले? माझ्या मते याचं उत्तर आवडीत सापडत नाही. ते काम स्वतः करून बघायला मिळणं, ते करणारं आपल्यासारखं माणूस दिसणं आणि त्या कामात टिकून राहण्याची सोय असणं, या तीन गोष्टींत ते सापडतं. आवड या तिन्हींच्या आधी येते, तशी नंतरही येते.

२. स्वतः शोधून पाहिलेली गोष्ट

अ‍ॅन रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ६४ नामवंत शास्त्रज्ञांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. हे लोक या क्षेत्रात आले कसे, हाच त्यांचा विषय होता. त्यांना आढळलेली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट अशी: अनेकांचा निर्णय शाळेत नव्हे, तर कॉलेजात झाला होता. एखाद्या छोट्या प्रकल्पावर काम करताना, कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट आपण स्वतः शोधून काढू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याआधी विज्ञान म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टींची शिकवणी होती. हा अनुभव एकदा आल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही.

विहिरीच्या काठावर बसून पोहणाऱ्यांकडे पाहत राहिलेल्या मुलाला पाणी आवडतं की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून कोणीतरी त्याला पाण्यात उतरवतं, हातपाय मारताना अंग तरंगतं, आणि मग तो रोज विहिरीवर यायला लागतो. आपण पोहण्याची आवड म्हणतो ती बहुतेक वेळा या क्षणानंतर जन्मते. विज्ञानाचंही तसंच आहे. जयंत नारळीकरांच्या बनारसच्या घरी त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार राहायला होते. मामा फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, तेव्हा घरात पुस्तकं आणि विद्वान यांची वाण नव्हती. पण त्या फळ्याने मुलाला पाण्यात उतरवलं. वर्गात शिकवलेली रीत वापरून ते गणित सुटत नसे, वाट स्वतःलाच काढावी लागे.

या कसोटीवर आपल्याकडची व्यवस्था तपासली तर चित्र फारसं बरं दिसत नाही. महाराष्ट्रात दहावीनंतर लाखो मुलं सायन्सला जातात, पण त्यांतल्या बहुसंख्यांचं लक्ष्य नीट, जेईई किंवा सीईटी असतं. अनेक ठिकाणी कॉलेज नावापुरतं आणि खरा अभ्यास क्लासमध्ये चालतो. प्रात्यक्षिकांत उत्तर आधीच ठाऊक असतं, रीडिंग जुळवून जर्नल पूर्ण करायचं आणि सही घ्यायची. लंबकाचा प्रयोग करून गुरुत्व त्वरण ९.८ च्या जागी ९.३ आलं, तर ते का आलं, हा त्या तासातला सर्वांत मोलाचा प्रश्न. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली नव्हती का? झोका फार मोठा घेतला का? स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला का? विद्यार्थी नेमका हाच प्रश्न खोडरबराने पुसून टाकतो, कारण चुकलेल्या रीडिंगला गुण नाहीत. दोन वर्षं सायन्समध्ये काढूनही या मुलांनी विज्ञान केलेलं नसतं, त्यामुळे त्यांनी ते नाकारलं असंही म्हणता येत नाही. मुंबईच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेच्या पुढच्या टप्प्यांवर प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधन प्रकल्प ठेवलेले आहेत. ही रचना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. सहावीतलं मूल आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेऊन काही महिने त्याच्या मागे लागतं, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर नसतं.

३. आपल्यासारखं माणूस

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यांनी ४,८०७ लहान मुलामुलींना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. त्यांतल्या फक्त २८ चित्रांत स्त्री होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. एकाही मुलाने स्त्री शास्त्रज्ञ काढली नाही. पुढे अमेरिकेत पाच दशकांतल्या अशा अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा स्त्रीचं चित्र काढण्याचं प्रमाण काळाबरोबर वाढत गेलेलं दिसलं. विज्ञानात स्त्रिया दिसू लागल्या, तशा त्या चित्रातही आल्या. मूल जे पाहतं, त्यातूनच स्वतःसाठी काय शक्य आहे याचा अंदाज बांधतं.

कमला सोहोनी यांची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. त्या माहेरच्या भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पार केल्यावर आपणही बंगळूरला जायचं, हे कमलाबाईंना स्वाभाविक वाटलं. संस्थेचे संचालक तेव्हा सी. व्ही. रामन होते. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाची भाषा केली, नकाराचं कारण मागितलं. शेवटी पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता न देता, काम पाहून पुढचं ठरवू, अशा अपमानास्पद अटींवर प्रवेश मिळाला. त्यांनी त्या अटी पाळल्या आणि कामाने उत्तर दिलं. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी हे श्वसनाशी संबंधित प्रथिन असतं, हे दाखवलं. त्याचा सुगावा त्यांना बटाट्यावर काम करताना लागला होता. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यांचा करारीपणा निर्विवाद आहे. पण बावीस वर्षांच्या मुलीला ‘मला इथे शिकण्याचा हक्क आहे’ असं नोबेलविजेत्यासमोर म्हणता आलं, यामागे केवळ स्वभाव नव्हता. ती संस्था तिला घरातल्या गप्पांमधून ओळखीची होती. तितक्याच करारी, पण वडील शेतकरी किंवा कारकून असलेल्या किती मुलींना बंगळूरच्या त्या संस्थेचं नाव ठाऊक असेल?

यावर कोणी म्हणेल, घरच ठरवत असेल तर एका घरातली सगळी भावंडं एकाच वाटेने जायला हवीत. कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीचं नाव दुर्गा भागवत. त्याच घरात, त्याच वातावरणात वाढलेल्या दुर्गाबाई समाजशास्त्र, लोकसाहित्य आणि ललित लेखनाकडे वळल्या. हा आक्षेप माझा मुद्दा उलट स्पष्ट करतो. घराने विषय ठरवला नाही. बाईमाणसाने आयुष्यभर अभ्यास करत राहणं, प्रश्नांच्या मागे लागणं ही जगण्याची रीत असू शकते, एवढं त्या घराने दोघींना दाखवलं. त्यापुढची वाट जिची तिने धरली.

४. नोकरीच नसेल तर?

ज्या रामन यांनी कमलाबाईंना अडवलं, त्यांची स्वतःची वाटही सरळ नव्हती. १९०७ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम.ए. झालेल्या या असामान्य विद्यार्थ्याने सरकारच्या अर्थखात्याची परीक्षा दिली आणि तो कलकत्त्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल झाला. विज्ञानावर प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. विद्यार्थिदशेतच त्याचे शोधनिबंध छापून आले होते. पण त्या काळच्या हिंदुस्थानात एतद्देशीय तरुणाने पूर्ण वेळ संशोधन करून पोट भरावं, अशी जागाच जवळजवळ नव्हती. कलकत्त्यात बहूबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. तिची प्रयोगशाळा तेव्हा बहुतांशी ओस पडलेली होती. रामन सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर तिथे काम करू लागले. ही दुहेरी दिनचर्या त्यांनी दहा वर्षं चालवली. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद देऊ केलं, तेव्हा कमी पगार पत्करून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. रामन यांनी विज्ञान निवडलं ते साल १९०७ म्हणायचं की १९१७? जागा निर्माण झाली तेव्हा निवड शक्य झाली, असंच मी म्हणेन. आणि महेंद्रलाल सरकारांनी लोकवर्गणीतून ती संस्था उभी केली नसती, तर कदाचित एक कर्तबगार हिशेबनीस तेवढा आपल्याला मिळाला असता.

मेघनाद साहांच्या बाबतीत उलटं घडलं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगाही अर्थखात्याच्या परीक्षेला बसू इच्छित होता. घरच्या गरिबीत ती नोकरी म्हणजे सुटका होती. पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. मग १९१६ मध्ये ते कलकत्त्याच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारं त्यांचं आयनीभवनाचं समीकरण जगापुढे आलं.

अ‍ॅना मणींना भौतिकशास्त्र करायचं होतं. रामन यांच्या प्रयोगशाळेत माणिक आणि हिऱ्यांवर त्यांनी मोलाचं काम केलं, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. १९४५ मध्ये इंग्लंडला जाण्याची संधी आली, ती हवामानशास्त्रीय उपकरणांच्या अभ्यासासाठी. भौतिकशास्त्राची जागा शिल्लक नव्हती. परत आल्यावर १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. साधी साधी उपकरणंही तेव्हा परदेशातून येत होती. अ‍ॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली. पुढे देशभर सौर प्रारणाची मोजणी करणारी केंद्रं त्यांनी उभारली. ज्या विषयाची त्यांनी लहानपणी कल्पनाही केली नव्हती, तो विषय त्यांच्या आयुष्याचा झाला, आणि त्यांनी तो कर्तव्य म्हणून नव्हे तर जीव ओतून केला.

म्हणजे सगळा योगायोगच का? तसंही नाही. साहांना परीक्षेला बसू दिलं नाही, तेव्हा ते सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारख्या सहाध्यायांबरोबर गणितात पुढे गेलेले होते. अ‍ॅना मणी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं राबलेल्या होत्या, म्हणून उपकरणं त्यांच्या हातात शोभली. योगायोग सगळ्यांच्याच आयुष्यात येतात. माणूस त्या कामात आधीपासून गुंतलेला असेल, तरच ते उपयोगी पडतात.

५. गुणवत्ता वाट काढतेच ना?

सर्वांत जोरकस आक्षेप हा आहे. खरी प्रतिभा असेल तर ती कशालाही जुमानत नाही, असं म्हणतात आणि उदाहरण म्हणून मायकेल फॅरडे यांचं नाव घेतात. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम, वयाच्या चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार, आणि पुढे विद्युतचुंबकत्वाचा पाया घालणारा. उदाहरण खरंच थोर आहे, पण जरा जवळ जाऊन पाहू. दुकानाचा मालक रिबो याने त्याला बांधायला आलेली पुस्तकं वाचू दिली आणि मागच्या बाजूला प्रयोग करू दिले. त्या पुस्तकांत जेन मार्सेट यांनी सामान्य वाचकांसाठी, संवादरूपाने लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक होतं. आपल्या घडणीतलं त्यांचं ऋण फॅरडे यांनी आयुष्यभर मानलं. शहरात चालणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना एक शिलिंग लागे, ते थोरला भाऊ लोहारकामाच्या कमाईतून देई. १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकायला दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने तिकिटं दिली. फॅरडेने टिपणं काढून, सुबक बांधून ती डेव्हींना पाठवली. आणि १८१३ मध्ये तिथल्या एका मदतनिसाला भांडणापायी काढून टाकलं, तेव्हा जागा रिकामी झाली. यांतला एकेक माणूस वजा करून पाहा. प्रतिभा तेवढीच राहील, पण ती लंडनच्या एका दुकानात उत्तम पुस्तकं बांधत राहील.

एका माणसाच्या गोष्टीवरून नियम काढू नये, म्हणून आकड्यांकडे वळू. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख संशोधकांचे पेटंट आणि करनोंदी जोडून पाहिल्या. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांनी पेटंट मिळवण्याची शक्यता मध्यक उत्पन्नाहून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या तुलनेत दहा पट निघाली. श्रीमंतांची मुलं हुशार असतील, असं कोणी म्हणेल. म्हणून त्यांनी तिसरीतल्या गणिताच्या गुणांशी तुलना केली. सारखेच गुण असलेल्या मुलांतही गरीब घरातली मुलं बरीच मागे राहत होती. दुसरा निष्कर्ष याहून बोलका आहे. ज्या भागात मूल वाढलं, तिथे ज्या तंत्रज्ञानाचे संशोधक जास्त, त्याच तंत्रज्ञानात ते मूल पुढे पेटंट घेण्याची शक्यता वाढते. मुलींबाबत हा परिणाम स्त्री संशोधक आसपास असतील तेव्हा दिसतो, पुरुष संशोधकांमुळे नाही. पेटंट म्हणजे सगळं विज्ञान नव्हे, हे मान्य. पण बुद्धी जन्मजात असली, तरी ती विशिष्ट गावच्या विशिष्ट उद्योगाच्या दिशेने जन्मजात असू शकत नाही.

आपल्याकडेही हेच दिसतं. गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर मुंबईत विधवा आईच्या कष्टांवर शिकत होते. गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळून दाखवला, हा प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे आणि लोकांच्या तो लक्षातही राहतो. पण मॅट्रिकनंतर शिक्षण सुटण्याची वेळ आली होती, तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीने ते पदवीपर्यंत पोहोचले. भिंगाएवढंच या ६० रुपयांचंही ऋण मोठं आहे, आणि त्याचं श्रेय आपण कमी देतो.

६. पुन्हा पुन्हा करावी लागणारी निवड

शेवटी काळाचा हिशेब. बारावी अठराव्या वर्षी, बी.एस्सी. एकविसाव्या, एम.एस्सी. तेविसाव्या, पीएच.डी. साधारण अठ्ठाविसाव्या किंवा एकोणतिसाव्या वर्षी, त्यानंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक. कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. या वाटेने जाणाऱ्या मुलीच्याच वर्गातली इंजिनिअर झालेली मैत्रीण बावीस-तेवीसपासून कमावत असते. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. एकटीला तेवढं पुरतं, कुटुंब अवलंबून असेल तर ओढाताण होते. या बारा-तेरा वर्षांत दर दोन-तीन वर्षांनी ‘राहायचं की जायचं’ हा प्रश्न समोर येतो. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय तेविसाव्या वर्षी आपोआप लागू होत नाही, तो नव्याने घ्यावा लागतो.

सलीम अली यांचं आयुष्य म्हणजे अशा निर्णयांची मालिका आहे. १९०८ मध्ये त्यांनी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथे मिलार्ड साहेबांनी पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतर ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात गेले, पदवी नसल्याने त्यांना सरकारी प्राणिशास्त्राची नोकरी मिळाली नाही, मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता झाले, बर्लिनला जाऊन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले आणि १९३० मध्ये परत येऊन पाहतात तर ती जागाच रद्द झालेली. चौतिसाव्या वर्षी नोकरी नाही. ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि घराजवळच्या झाडावरच्या सुगरणींच्या वसाहतीचं महिनोन्‌महिने निरीक्षण केलं. नर एकामागून एक घरटी अर्धवट बांधतो, मादी पसंत करेल तेवढंच पूर्ण करतो आणि मग पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी नोंदवलं. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळख दिली. हे शक्य झालं, कारण राहायला घर होतं आणि साथ देणारी, संसार निभावणारी पत्नी होती.

ही साथ आजही प्रामुख्याने पुरुषांना मिळते. पीएच.डी. पूर्ण होण्याचं वय आणि लग्न, बाळंतपण, मुलांचं संगोपन यांचं वय एकच आहे. त्यामुळे शाळेत आणि पदवीला विज्ञानात मोठ्या संख्येने दिसणाऱ्या मुली प्राध्यापक आणि संशोधकांच्या पातळीवर विरळ होत जातात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना सुरू केली ती याच टप्प्यासाठी: करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रीला वयाची अट शिथिल करून, स्वतःच्या प्रकल्पासह प्रयोगशाळेत परतता यावं म्हणून. पस्तिसाव्या वर्षी, शाळेतून मुलाला घरी आणायची वेळ सांभाळत जी बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी बसते, तिची निवड तिने आठवीत काय सांगितलं होतं यावर ठरलेली नसते. जवळपास संस्था आहे का, तिथला प्रमुख खंडाबद्दल काय विचारतो आणि संध्याकाळी घरी कोण असतं, यावर ती ठरते.